बिनरंगाचं पाणी

"रंग दिसला म्हंजी समदं कळलं, असं न्हाई." परीक्षानळी उजेडात धरून, चष्मा कपाळावर चढवून आप्पा हे म्हणायचे. माझा रिपोर्ट मात्र वाचायचेच नाहीत. मला राग यायचा.

तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या दूध शीतकरण केंद्रात मी बी.एस्सी. होऊन लागले, तेव्हा आप्पा तिथले जुने टेस्टर होते. शिक्षण दहावी नापास. पण ब्युरेटच्या मापनळीतून थेंब सोडावा तर त्यांनीच. बफर म्हणजे काय ते मी पुस्तकाची चार पानं वाचून शिकले होते. आप्पा तेच सोपं करून सांगायचे, दूध लई सोशिक. थोडं आंबट, थोडा सोडा पोटात घालतं आणि चेहरा बदलू देत नाही. म्हणून दुधाच्या आधी टँकर तपासायचा.

टँकर आधी कॉस्टिक सोड्यानं, म्हणजे कातडी जाळणाऱ्या क्षारानं धुतात, मग साध्या पाण्यानं. त्या शेवटच्या पाण्यात इंडिकेटरचा थेंब टाकायचा. गुलाबी झालं तर कॉस्टिक शिल्लक आहे, रंग आला नाही तर टँकर भरायला मोकळा. तुम्हीही म्हणाल, यात चुकायचं काय?

एका सकाळी मी थेंब टाकला आणि तेवढ्यात बाहेरच्या वजनकाट्यावर भांडण लागलं म्हणून बाहेर गेले. परत आले तर नळीतलं पाणी स्वच्छ. मी सही केली. टँकर भरून पुण्याकडं गेला.

आप्पा कामावर आले. त्यांनी नळीतला थेंब बोटांवर चोळला, तो साबणासारखा बुळबुळीत लागला तसा लगेच हात धुतला. मग नळीतलं थोडं ग्लासात घेऊन वर पाणी ओतलं. ग्लास हळूहळू गुलाबी झाला.

"पोरी, कडक कॉस्टिकमधी गुलाबी येतो आन् मरतो. लाईट गेल्ती, पंप बंद. टँकर पाण्यानं धुतलाच न्हाई, नळीत हाय ते कॉस्टिकच."

एरवी ते मला मॅडम म्हणायचे. ते 'पोरी' ऐकलं आणि मी फोनकडं धावले. ते दूध वसतिगृहांतल्या मुलांना जायचं होतं. त्यात कॉस्टिक किती उतरलंय, कुणालाच ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरचा फोन लागेना.

आप्पांनी मोटरसायकल काढली, मी मागं बसले. रस्ताभर मला लहान मुलांचे ओठच दिसत होते. शिक्रापूरच्या चौकात नेहमीची कोंडी होती. रोज शिव्या खाणारी ती कोंडी त्या दिवशी देवासारखी धावून आली. आमचा टँकर तिच्यातच अडकला होता.

दूध परत आणून टाकून दिलं. मी नोकरी सोडते म्हणाले. आप्पांनी आधी माझ्याकडून घडलं तसं लिहून घेतलं, माझ्याच नावानं. मग म्हणाले, "भ्या वाटतंय न्हवं? वाटू द्या. ज्याला वाटत न्हाई, त्याच्या हातचं दूध मी पीत न्हाई."

पुढं सात वर्षं आम्ही एकाच टेबलावर काम केलं. गेल्या दिवाळीनंतर आप्पा वारले.

माझी लेक आता चार वर्षांची आहे. आमच्याच केंद्राचं, मीच तपासलेलं दूध पिते. पहिला घोट तिच्या घशाखाली उतरेपर्यंत मी तिच्या तोंडाकडं बघत राहते. ही भीती कधी जाते का, एवढं आप्पांना विचारायचं राहून गेलं.