खिडकीखालचा भोपळा

माझी ताई लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभं राहून परक्यांचे शर्ट कडक करायचे आणि घरी आल्यावर भाऊजींचं सगळं अंथरुणातच करायचं, असं तिचं चाललंय. भाऊजी ट्रक चालवायचे. माणूस कसला, नुसता गडगडाट होता. अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. पुढे बोलणं सुधारलं, थोडी ताकदही आली, पण उठून बसायचं नाव काढेनात. भिंतीकडे तोंड करून पडायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ताईला स्पष्ट सांगितलं, "आत्ता बसले नाहीत, तर कायमचे आडवे राहतील."

म्हणून ताईने त्यांच्या खिडकीखाली भोपळा लावला. वेल बघायला तरी मान वळवतील, असा तिचा विचार. मान वळली, पण बसणं काही होईना. "एक भोपळा धरू दे, मग तुम्हाला उठवते की नाही बघा," असं ती त्यांना दरडावायची.

आणि भोपळा धरेना. आधी पानांवर पिठासारखी भुरी पसरली. ताईने खराब पानं काढून टाकली. मग अळ्या आल्या, त्याही तिने हाताने वेचल्या. एवढं निस्तरूनही सुपारीएवढे भोपळे पिवळे पडून गळायचे ते गळायचेच. मी म्हटलं, "बाजारातून आण एक आणि बांध वेलाला." ती हसलीसुद्धा नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

शेवटी मीच एका रोपवाटिकेत जाऊन विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईकडे गेले. बघते तर ताई कामाला निघायच्या घाईत वेलावरची लांब देठाची, चांगली टवटवीत फुलं खुडतेय.

"अगं, हे काय करतेस?"

"रिकामी आहेत ही. मागे भोपळा नाही, काही नाही. आयतं खाऊन नुसती मिरवतात मेली."

मी कपाळावर हात मारला. "ती नराची फुलं आहेत गं! त्यांचा पराग लागल्याशिवाय भोपळा धरणार कसा?"

ताई पायरीवर मटकन बसली. फुलं हातातच होती. "म्हणजे मीच रोज..."

"मला माहीत होतं," खिडकीतून भाऊजींचा आवाज आला. "आई लावायची घरामागे."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं?"

भाऊजी म्हणाले, "खुडलेली फुलं ठेवायला तू माझ्या उशाशी यायचीस. घटकाभर टेकायचीस. म्हटलं, चालू दे."

मी तर विरघळलेच. ताई नाही विरघळली. ती फुलं घेऊन तरातरा आत गेली, मीही मागोमाग गेले.

"तुमचं फुलांवर भागतं. माझं नाही भागत!" ती ओरडली. "मी दमलेय हो. इतकं राबून एक तरी गोष्ट तडीला गेलेली बघायचीय मला. आणि तुम्ही पडल्यापडल्या मजा बघत होता!" मग ती रडायला लागली. झटका आला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

भाऊजींनी उजवा हात गादीवर रोवला.

"मला वर घ्या जरा. मादीचं फूल कुठंय, ते असं आडवं दिसत नाही."

आम्ही दोघींनी मिळून त्यांना उठवलं. ते घामाघूम झाले, ताईच्या दुखऱ्या खांद्यावर सगळा भार टाकून धापा टाकत खिडकीबाहेर बघू लागले.

"ते बघ, मोठ्या पानाखाली. उमललंय. जा लवकर, हातातलं एक फूल त्याच्यात घास. ऊन चढलं की मिटेल."

"जाते," ताई म्हणाली. पण त्यांच्या पाठीवरचा हात काढायचा तिला धीर होईना. शेवटी तिच्या मुठीतलं एक फूल सोडवून घेऊन मीच बाहेर गेले.