कौतुकाला तीट

माझ्या चौथीच्या वर्गात चुगल्यांना तोटा नव्हता. "बाई, ह्याने माझी पेन्सिल चावली." "बाई, ती बघा खिडकीतून थुंकली." मी मुळात तापट, त्यात डहाणूहून विवळवेढ्याच्या पुढच्या पाड्यापर्यंत रोज स्कूटर हाणत यायचं. एका गुरुवारी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, उद्यापासून दर शुक्रवारी प्रत्येकाने डब्यातून एक नाव उचलायचं आणि त्या मुलाबद्दल एक चांगली गोष्ट कागदावर लिहायची. चुगल्या बंद!

शुक्रवारी चिठ्ठ्या वाचायला घेतल्या आणि कपाळावर हात मारला. "तो गणित पटकन सोडवतो. पण त्याच्या पायाला वास येतो." "तिचं अक्षर छान आहे. पण ती झोपेत बडबडते." एकही चिठ्ठी धड नाही! माझ्या वर्गातली सगळ्यात वेगवान पोरगी, तिच्याबद्दल तिच्या मैत्रिणीने लिहिलं होतं, "ती सगळ्यांच्या पुढे पळते. पण तिच्या डोक्यात उवा आहेत."

मी कात्री काढली आणि चिठ्ठ्यांमधलं 'पण'पासून पुढचं सगळं कचाकच कापून टाकलं. उरलेलं गोड गोड वाटून दिलं. पोरं चिठ्ठ्यांकडे बघत राहिली, हसलं कुणीच नाही. मला वाटलं, कौतुकाची सवय नाही बिचाऱ्यांना.

सोमवारी वाणगावला शर्यती होत्या. त्या वेगवान पोरीला पाठवायला तिची आई मोठ्या मुश्किलीने तयार झाली होती. पुढच्या वर्षी ती दूरच्या शाळेत जाणार, म्हणजे आमच्याकडून पळायची ही पहिली आणि शेवटचीच संधी. पोरगी महिनाभर शेताच्या बांधावरून अनवाणी पळत होती.

मैदानात तिचं नाव पुकारलं तरी ती हलेना. मुठीत माझी कापलेली चिठ्ठी. "काय झालं गं? पोटात दुखतंय?" मी खेकसलेच. ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, खालचं कुठं गेलं?"

"खालचं म्हणजे? ते उवांचं? ते कशाला हवं तुला?"

उत्तर तिच्यासोबत आलेल्या त्याच मैत्रिणीने दिलं, तेही मलाच पहिलीत बसवल्यासारखं. "बाई, नुसतं चांगलं लिहिलं तर नजर लागते ना! म्हणून आम्ही थोडं वाईट पण लिहितो. तुम्ही कापलं. आता ही पडणार."

अगं बाई! लहानपणी माझ्याच गालावर आई रोज काजळाची तीट लावायची, आणि मी शहाणी ह्या पोरांच्या तिटा कात्रीने कापत बसले होते. लाज वाटली हो, खरंच. तिकडे पंच शिट्टी तोंडात धरून आमच्याकडे डोळे वटारत होते. मी पर्समधून पेन काढलं, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि लिहिलं, "पण तिच्या डोक्यात उवा आहेत."

पोरीने वाचलं. तरी जागची हलेना. "बाई, लई आहेत असं लिहा."

"लई" घातलं. तिने चिठ्ठी घडी करून मैत्रिणीच्या हातात दिली आणि जी सुटली, ती सुटलीच. दुसरी आली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ती मेडल दातांनी चावून बघत होती, आणि मैत्रीण येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून ओरडून सांगत होती, "हिच्या डोक्यात उवा आहेत!" आमची वरात हायवेवरून अशी चालली होती.

पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांच्या कापलेल्या ओळी परत लिहून दिल्या. वर्ग एकदम खुलला. पायाला वास येणाऱ्याने तर आपली चिठ्ठी दप्तराला चिकटवली.

त्या दिवशी डबा रिकामा झाला असं समजून मी तो उपडा केला, तर तळाला एक जास्तीची चिठ्ठी निघाली. माझं नाव मी डब्यात कधी टाकलं नव्हतं. कोणाचं अक्षर ते लगेच ओळखलं, मेडलवालीचं.

"बाई आम्हाला लई आवडतात. पण त्यांना काय कळत नाही."

घरी जाऊन नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "अगदी बरोबर लिहिलंय." मी रागावले नाही. मला रडूच आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत, मला नजर लागू नये म्हणून कुणी एवढी काळजी घेतली नव्हती.