चार पावलांवरचं पाणी

आत्याने आजारी शेळीच्या तोंडापाशी कधी पाणी नेलं नाही. पाण्याचं घमेलं ती शेळीपासून चार पावलं लांब ठेवायची, स्वतः पाठ फिरवून बसायची आणि हाताला लागेल ते काम करत राहायची. शेंगा फोडायची, नाहीतर दोर वळायची. शेळी उठून घमेल्यापर्यंत गेली, तर आत्या कामाला लागे. काढा, शेक, कोवळा पाला, दिवसातून दहा वेळा उठबस. नाही उठली, तर तिला सावलीत नेई, जोडीची दुसरी शेळी शेजारी बांधी आणि पदराचं टोक भिजवून तिचं तोंड ओलं करत बसे. जबडा उघडून काही ओतायची नाही आणि दुसऱ्या कुणाला ओतूही द्यायची नाही.

ती खरं तर माझ्या वडिलांची आत्या. पण वडील म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो, आणि मग सगळं चांदे गावच तिला आत्या म्हणायचं. ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर ती दोन शेळ्या घेऊन माहेरी परत आली होती. मला कळायला लागलं तेव्हा दावणीला तीसेक शेळ्या-मेंढ्या होत्या. नवरा गेला त्या दिवसांबद्दल ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. शेळ्यांबद्दल मात्र खूप बोलायची.

आजूबाजूच्या गावांतून लोक तिच्याकडे जनावरं घेऊन येत. एकदा महाळुंग्याचा एक माणूस शेळी खांद्यावर टाकून चालत आला. आत्याने घमेलं ठेवलं. शेळी उठली नाही. आत्या तिला सावलीत घेऊन बसली, तसा तो माणूस चिडला.

"वाचंल का न्हाई ते तरी सांगा."

"मला काय इचारतोस? तिला इचार. मी नुसतं पाणी ठेवलं."

"आवो, पण तुमी तर कायच करंना."

"करती की," आत्या म्हणाली. "बसली न्हाई व्हय तिच्यापाशी?"

संध्याकाळी शेळी गेली. तो माणूसही तोवर तिथेच बसून होता. जाताना त्याने आत्याच्या पायाला हात लावला. मला तेव्हा ते कळलं नव्हतं.

हे असलं पाणी तिने मलाही एकदा ठेवलं होतं. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्याच वर्षी पुण्यातून मी गणितात नापास होऊन आलो आणि दोन दिवस तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिलो. आई ताट घेऊन माझ्यापाशी यायला लागली, तेव्हा आत्याने तिला अडवलं. "भाकर चुलीपाशी ठिव. उठंल त्यो." तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठलो आणि चुलीपाशी जाऊन बसलो. आत्या माझ्याकडे न बघताच आईला म्हणाली, "उठला. ऱ्हाईल कालेजात."

पुढच्या वर्षी आत्याच्याच पायांवर सूज आली. अन्न नको वाटायला लागलं, शेळ्यांमागे चार ढांगा टाकल्या तरी दम लागायचा. वडिलांना कामाचा खाडा करता येत नव्हता, आणि मी शिकलेला, म्हणून तिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात मी घेऊन गेलो. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त-लघवीचे कागद पाहिले, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आत्याला खुर्चीतून उठायला सांगितलं. खिडकीपर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. स्वतःची दोन बोटं तिच्या मुठीत देऊन म्हणाल्या, "आजी, जोरात दाबा." मी बाजूला उभा राहून हे बघत होतो. त्या आत्याला चार पावलांवर पाणी ठेवत होत्या, असं मला राहून राहून वाटत होतं.

मग त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुता येईल. तरुण माणूस असता, तर आजच सुरू करा म्हणाले असते. पण आजींना खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागला. इतक्या खंगलेल्या माणसाला हे सोसतंच असं नाही. किती दिवस मिळतील ते मी सांगू शकत नाही, आणि मिळतील त्यातले पुष्कळ इथल्या खाटेवर आणि येण्याजाण्यात जातील. नाही केलं, तर दिवस थोडे आहेत. पण त्रास कमी व्हायला औषधं देता येतात. तुम्ही दोन्ही गोष्टी त्यांना सांगा. ठरवू दे त्यांना."

मी आत गेलो. आत्या पाय लोंबकळत सोडून खाटेवर बसली होती.

"काय म्हनली बाई?"

"मशीनवर रक्त धुतात. मग बरं वाटंल म्हणाल्या."

"आन?"

"आन काय न्हाई."

एवढंच मी सांगितलं. बाईंना मात्र सांगून आलो की आत्या तयार आहे. याला चूक म्हणावं की लबाडी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

तिच्या मानेला नळी बसवली. मी कॉलेज बुडवून गावीच राहिलो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही एसटीने पुण्याला जायचो. मशीनवरून उतरली की आत्या पिळून काढल्यासारखी व्हायची. दुसरा अख्खा दिवस डोळे मिटून पडून राहायची. त्याच्या पुढच्या दिवशी थोडी उठून शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, की पुन्हा एसटीची वेळ व्हायची. श्वास जरा हलका झाला होता, सूज उतरली होती, हे खरं. पण ती मला एकदा म्हणाली, "किसना, बरं वाटाया लागलं की ही गाडी येती बग."

खाटेवर पडल्या पडल्या ती आजूबाजूच्यांना न्याहाळायची. कोपऱ्यात एक शाळामास्तर असत. "ह्यो मास्तर ऱ्हाईल. उठला की आदी चष्मा हुडकतो." त्यांच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना घरची माणसं चमच्याने पेज भरवायची. आत्या हळूच म्हणाली, "त्यो तोंड फिरवतुया, त्यास्नी दिसंना. ह्याला घरी न्हेला पायजे." पुढच्या आठवड्यात त्यांच्या खाटेवर दुसरं कुणी होतं.

नर्सबाईंनी ही गोष्ट डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातली असावी. त्या येऊन आत्याच्या पायथ्याशी बसल्या.

"आजी, तुम्ही माझं काम करायला लागलात म्हणे."

"तुमी कागुद बगता, मी मानूस बगती."

"चुकत नाही का कधी?"

"चुकती की. एक शेळी चार दिस उठली न्हवती. पाचव्या दिशी उठली आन माझा पदर खाल्ला. म्हनून तर रोज पाणी ठिवायचं असतं. एकदा ठिवून भागत न्हाई."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "आणि तुमचं स्वतःचं काय वाटतं?"

आत्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्याला इचारा. तुमी सांगितल्यालं समदं ह्याच्यापाशी हाय. मला निम्मंच दिलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता मला बोलावंच लागलं. बाकावर ऐकलेलं सगळं मी आमच्या बोलीत सांगितलं. चार आठवडे पोटात धरून ठेवलेलं ते सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"येवडंच व्हय," आत्या म्हणाली. "मंग दडवलंस का?"

"भ्यालो."

"म्हाळुंग्याच्या त्या मानसाला मी खोटं सांगितलं व्हतं का रं?"

मी नाही म्हणालो. तिने माझा हात हातात घेतला आणि बाईंना सांगितलं, "आता आसं करती. रोज सकाळी ह्यो तांब्या उंबऱ्यापाशी ठिवील. मी उठून पाणी प्याली, तर तुमच्या गाडीला येती. न्हाई उठली, तर मला आनू नगा. चालंल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. दम लागला तर द्यायची औषधं त्यांनी त्याच दिवशी बांधून दिली.

आत्याच्या अंथरुणापासून उंबरा बरोबर चार पावलांवर होता. पहिल्या सकाळी मी तांब्या ठेवला आणि तिने बजावलं होतं तसा पाठ फिरवून बसलो. ती भिंतीला धरून उठली. भांडं वाजलं, ती पाणी प्यायल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मी वळून बघितलं. असे दोन आठवडे गेले. पण रोज थोडा जास्त वेळ लागत होता. पाठमोरा बसून मला ते ऐकू यायचं.

एका सोमवारी सकाळी मी तांब्या दोन पावलं अलीकडे ठेवला.

"किसना."

"काय आत्या?"

"काल तांब्या उंबऱ्यापाशी व्हता."

मी तांब्याकडे हात नेला.

"शेळीला फशिवलंस तर ती वाचती व्हय?" ती रागावली नव्हती. लहान पोराला समजवावं तशी बोलत होती.

मी तांब्या उचलून उंबऱ्यापाशी ठेवला आणि पुन्हा पाठ फिरवून बसलो. घोंगडी एकदा सरकली. आणखी एकदा सरकली. मग काहीच ऐकू आलं नाही. ऊन उंबऱ्यावरून आत आलं तरी मी तसाच बसलो होतो.

"फिर आता हिकडं," आत्या म्हणाली. "लांब नगं बसूस."

मंगळवारी आम्ही एसटीला गेलो नाही. तिची आवडती पांढरी शेळी मी दारात, तिला दिसेल अशी बांधली. आठ-नऊ दिवस ती होती. रोज सकाळी मी तांब्या उंबऱ्यापाशी ठेवतच होतो, पण ती उठली नाही. कोणती शेळी कुणाला द्यायची, कुणाला मुळीच द्यायची नाही, ते तिने वडिलांना सांगितलं. औषधाने दम फारसा लागला नाही. माझं गणित कुठवर आलं तेही तिने विचारलं, आणि मी खरं सांगितलं. तहान लागली की मी चार पावलं जाऊन तांब्या आणायचो आणि तिच्याच पदराचं टोक भिजवून तिचे ओठ ओले करायचो. शेवटच्या दुपारीही तेच करत होतो.

ती गेल्यावर मी पुन्हा तोंडावर पांघरूण घेऊन पडलो. घरात चूल पेटली नव्हती. शेजाऱ्यांनी भाकरी आणून दिल्या होत्या. आईने माझ्या वाटणीची भाकरी ताटात घेतली, माझ्या शेजारून पुढे गेली आणि ती विझलेल्या चुलीपाशी ठेवली. मग पाठ फिरवून शेंगा फोडत बसली.

बराच वेळ मी तो आवाज ऐकत पडून राहिलो. मग उठलो.