नामाकाकांचा हात

आज वर्ध्याला गाडी सर्व्हिसिंगला दिली. सहज विचारलं, "बाहेरच्या मेकॅनिकनं बोनेट उघडून इंजिनचा पट्टा घट्ट केला, तर वारंटी जाते का?"

काउंटरवरची ताई हसली. "एवढ्यानं कुठं जाते हो?"

मला ऐंशीच्या दशकातली एक दुपार आठवली. पवनारजवळ बाबांची नवी गाडी बंद पडली होती. बाबांना गाडी शिकवणारे त्यांचे मित्र, नामाकाका मेकॅनिक, धावत आले.

बाबा ओरडले, "हात नको लावू गा, वारंटी जाईन!"

"माह्या हातानं शिकला, अन् आता माह्याच हाताची भीती वाटून राह्यली तुले?"

काका पुन्हा कधी आमच्या घरी आले नाहीत. यंदा ते वारले.

बाबा अजूनही म्हणतात, "माहा इलाज नव्हता, पोरी."

आत्ता ते अंगणात बसलेत. मैत्रिणींनो, त्यांना आजचं सांगू का?