पेटीवरचा आकडा

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारं उचलत नाहीत. खंडेनवमीला माझे कॉम्प्युटर-दुरुस्तीचे स्क्रू-ड्रायव्हर बारामतीच्या घरी पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, की ते एकादशीलाच हातात घ्यायचे. हा नियम आईचा. तरी त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी विंडोजच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा तेवढा पिशवीत टाकून इंदापूरची एसटी धरली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

इंदापुरात टायपिंगचा क्लास चालवणारे एक सर होते. त्यांची आई श्रावणात गेली. अक्षरओळख नसलेली बाई, पण धम्मदीक्षा घेतल्यापासून स्वतः ओव्या रचायची. शेवटची दोन वर्षं ती सांगायची आणि सर थेट कॉम्प्युटरवर टाइप करायचे. कागदावर एक ओळ नव्हती. दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस, म्हणून त्या ओव्या छापून संध्याकाळी विहारात वाटायच्या होत्या. मशीनमधल्या जुन्या डॉसमध्ये पडद्यावर आणि छापतानाही मात्रा उडायच्या, म्हणून विंडोज हवं होतं.

आत प्रोसेसर कोणता, हे आधी बघायचं असतं. कॉम्प्युटरच्या पेटीवर ४८६ लिहिलेलं होतं, म्हणजे विंडोज पेलणारा. उघडून बघायला हत्यार नव्हतं. मशीन सुरू होताना पडद्यावर क्षणभर तो आकडा येतो, तेव्हा मी चहा पीत होतो. सेकंडहँड मशीन ते. पेटी एकाची, पोट दुसऱ्याचं. आत निघालं ३८६, आधीच्या पिढीचं, तेही त्यातलं दुबळं.

"ओव्यास्नी काय व्हणार न्हाय ना?" सरांनी विचारलं.

"जुनं सगळं जागेवर राहतं," मी मोठ्या तोंडानं म्हणालो.

विंडोज टाकताना अर्ध्यात मशीन अडकलं. बंद करून पुन्हा लावलं तर धड नवं येईना, धड जुनं. मी घाबरलो आणि डिस्क पुसून जुनं डॉसच पहिल्यापासून टाकलं. ओव्या त्याच डिस्कवर आहेत, हे त्या घडीला माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आजही स्वतःची चीड येते.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "सणाचं उपाशी जाऊ नका."

ताटावर बसल्यावर ते हळूच म्हणाले, "मशिनीत हायत म्हणून मी पाठ केल्याच न्हाईत. सकाळी तुमाला पडद्यावर दोन पानं दावली व्हती. येखादी ध्यानात हाय का?"

ती पानं मी मात्रा कुठं तुटतात, एवढ्यापुरती पाहिली होती. एकही ओवी वाचली नव्हती. सर हातातला घास तसाच धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिले.