सयाजी हवालदाराने पुसलेले तीन भाऊ

आमच्या गावात कॉम्प्युटरशी आवाज चढवून बोलणारा माणूस एकच, सयाजी हवालदार. बावीस वर्षं सैन्यात, सिग्नलमध्ये काढून तो गावी आला, वाट्याचा ऊस थोरल्या भावाच्या गळ्यात मारला आणि तासगाव रस्त्याच्या फाट्यावर दुकान टाकलं. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स आणि लग्नाचे अल्बम. मी शाळामास्तर. सरकारला कसली ना कसली माहिती भरून देण्यात माझं अर्धं आयुष्य त्याच्या बाकावर गेलं आहे. तेव्हा हे ऐकीव नाही.

सयाजी माउसला हात लावत नाही. "गोंजारून काम करून घ्यायला ती काय म्हस हाय व्हय?" असं विचारतो. त्याच्या पडद्यावर चित्रंबित्रं नाहीत, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं तेवढी. एका जागच्या फाइलची दुसऱ्या जागी नक्कल करायची, तर तो सीपी ही दोन इंग्रजी अक्षरं बडवतो, मग कुठून, मग कुठं, आणि एंटरवर अशी थाप मारतो की टेबलावरचा चहा हिंदकळतो. अख्खं फोल्डर पोटातल्या फोल्डरांसकट न्यायचं असलं, की मध्ये एक आर. एवढ्या हुकमावर मशीन काहीच बोलत नाही.

"बगा मास्तर," सयाजी मिशीवर बोट फिरवून म्हणतो, "चुकलं तरच त्ये बोलतंय. गप ऱ्हायलं की समजायचं, फत्ते!"

हाच नियम त्याने घरी लावला होता. संयोगितावहिनी गप्प बसल्या म्हणजे त्यांना पटलं, या समजुतीवर त्याचा संसार पंचवीस वर्षं चालला आहे. वहिनींना कुणी विचारलेलं नाही.

सीपीला आधी विचारायला लावता येतं, हे मी त्याला एकदा सुचवलं होतं. मध्ये एक आय टाकला, की त्या जागी त्याच नावाची फाइल असल्यास मशीन थांबतं आणि हिच्यावर लिहू का म्हणून विचारतं. सयाजी माझ्यावरच उखडला. "जवान पावलापावलाला इचाराय लागला, तर लढाई कवा करायची?"

मी गप्प बसलो. त्याला वाटलं, मला पटलं.

मग केरबाच्या राजेश्वरीचं लग्न आलं. आमच्याकडे लग्नाला फोटोग्राफर दोन लागतात, एक मुलीकडचा आणि एक मुलाकडचा. समोरच्यांचा माणूस आपल्या मामाला मुद्दाम फोटोतून कापतो, असा दोन्ही घरांचा ठाम समज असतो आणि तो अगदीच खोटा नसतो. शेवटी दोघांच्या कॅमेऱ्यांतली कार्डं सयाजीकडे येतात आणि तो एक अल्बम करतो. कॅमेरा फोटोला नाव म्हणून नंबरच देतो, आणि एरवी दोन कॅमेऱ्यांचे नंबर वेगवेगळे असायचे. यंदा दोघांनीही सीझनसाठी एकाच कंपनीचे नवेकोरे कॅमेरे घेतले होते आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटोंना नंबर दिले ते एकपासून.

या लग्नात मनुबाईंना दागिन्यांचं, मानपानाचं काही पडलेलं नव्हतं. त्या केरबाच्या आई, वय एक्याऐंशी. केरबा, सिद्धू आणि आनंदा हे त्यांचे तीन मुलगे विहिरीवरच्या मोटारीपायी अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. हळदीच्या सकाळी म्हातारी हटून बसली. "तिघं एका फोटूत हुबं ऱ्हायला न्हाईसा, तर मी मांडवात पाय ठिवणार न्हाई." तिघे उभे राहिले. मुलीकडच्या कॅमेऱ्यात एकच फोटो निघाला आणि तिघे तीन दिशांना गेले. तो फोटो मनुबाईंना खाटेसमोर लावायचा होता. बाकी लग्न झालं काय नि नाही काय!

सयाजीने मुलीकडचं कार्ड 'लग्न' नावाच्या फोल्डरात ओतलं. थाप. मशीन गप्प. मग मुलाकडचं कार्ड त्याच फोल्डरात ओतलं. थाप. मशीन गप्प. फत्ते! कार्डं परत गेली, दोघांनी ती कोरी केली आणि पुढच्या मुहूर्ताला दुसऱ्यांच्या लग्नांनी भरून टाकली.

आठवड्याने मनुबाई दुकानात आल्या. "सयाजी, लेका, माजी तीन पोरं दाव."

सयाजीने फोल्डर उघडलं. वर खाली केलं. हळद नाही, मुलीचे मामा नाहीत, मुलीकडचं काळं कुत्रंसुद्धा नाही. मुलीकडच्या प्रत्येक फोटोवर त्याच नंबरचा मुलाकडचा फोटो बसला होता. तीन भाऊ असायला हवेत त्या नंबरवर नवरदेवाचा कुणी मित्र तोंडात अख्खी जिलेबी कोंबून हसत होता.

मला वाटलं, आता हा फोटोग्राफरवर ढकलणार. पण हवालदार खुर्चीवरून उठला. "काकी, माज्या हातनं गेला फोटू. मीच पुसला. आता न्हाई मिळायचा."

मनुबाई बाकावर माझ्या शेजारी बसून पडद्यावरच्या जिलेबीवाल्याकडे बघत राहिल्या. मला सयाजीचा असा राग आला, की त्याचा कीबोर्ड विहिरीत टाकावा.

फाट्यावरची बातमी गावात जायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा केरबा आला. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो न होतो तोच सिद्धूची गाडी थांबली आणि मागोमाग आनंदाची. प्रत्येक जण एकटाच भांडायला आला होता.

"आमच्या आईचा एक फोटू तुला संबाळता आला न्हाई रं?" केरबा ओरडला. "मिल्ट्रीत काय बटाटं सोललंस?"

"दादा म्हणतोय ते बराबर हाय!" सिद्धूने टेबलावर मूठ आपटली.

"आरं पर आदी आण्णाला बोलू दे की!" आनंदा मध्येच ओरडला. आण्णा म्हणजे सिद्धू.

मनुबाईंनी मान वर केली. अकरा वर्षांत त्या घरात कुणी कुणाला दादा म्हटलं नव्हतं, आण्णा म्हटलं नव्हतं. हे तिघांच्या ध्यानात आलं नाही, कारण तिघेही सयाजीच्या आजोबांपर्यंत पोचले होते. सयाजी मध्ये हात जोडून उभा.

चहा घेऊन आलेल्या संयोगितावहिनींनी ट्रे खाली ठेवला, मोबाइल काढला आणि कुणालाही न विचारता फोटो घेतला.

सयाजीने तो कॉम्प्युटरवर घेतला तेव्हा मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. सीपी, मग आय. थाप नाही, एंटर अलगद दाबला.

फोटोत तिघांची तोंडं उघडी, तिघांची बोटं एकाच दिशेला आणि मधोमध हवालदार. सयाजी खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, मला कापून काडतो ह्यातनं. तुमची पोरं तेवडी ठिवतो."

मनुबाईंनी पडद्याला अगदी नाक लावून फोटो पाहिला.

"ऱ्हाऊ दे तुला," त्या म्हणाल्या. "तू नसतास तर ही तिघं बोलली असती व्हय?"