तपासणीच्या दिवशीची गोळी

गिरणीच्या पाळणाघरात महिन्यातून एकदा बाळांची तपासणी व्हायची. डॉक्टर खुर्चीत बसायचा आणि आम्ही गिरणीतल्या बायका पोरं घेऊन ओळीनं उभ्या राहायचो. मूल तराजूत घालायचं, वजन लिहायचं, जीभ बघायची, पुढचं मूल. रडणाऱ्या पोराला तो हातही लावायचा नाही. कार्डावर 'आई निष्काळजी' असा शेरा मारून मोकळा. दोन शेरे पडले की पोराला पाळणाघर बंद, आणि पोर ठेवायला जागा नाही म्हणजे बाईचं काम सुटलंच.

माझं पहिलं पोर चार महिन्यांचं, जात्याच रडकं. एक शेरा पडलेला. पुढच्या तपासणीच्या सकाळी सासूबाईंनी अफूची गोळी अंगावरच्या दुधात उगाळून पुढं केली.

"दे की. समद्याच देत्यात. तुजंच काय लई येगळं हाय?"

खरंच सगळ्या द्यायच्या. पंधरावीस तान्ही पोरं ओळीत आणि एकाचं हूं की चूं नाही, याचं त्या शहाण्याला कधी नवल वाटलं नाही. एवढी बुकं वाचून अक्कल कुठं ठेवून आला होता कोण जाणे. मीही दिली. त्याची लाज अजून जात नाही.

तराजूत पोर निपचित पडलं. डॉक्टर खूश. त्याला उचलून बायकांना दाखवत म्हणाला, "असं ठेवावं मूल." आणि मला मेलीला बरंही वाटलं.

दुपारी पाजायला गेले तर ते तोंड उघडेना. ओठ निळसर झालेले. तळव्यांना टिचक्या मारल्या, कान चोळले, तोंडावर पाणी मारलं. गिरणी सुटली तरी डोळा उघडला नव्हता. दिवेलागणीला ते बारीकसं कुंथलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. सासूबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा उलटून बोलले आणि गोळ्यांची डबी मोरीत रिकामी केली.

पुढच्या महिन्यात त्याला तसंच जागं नेलं. तराजूत ठेवताच त्यानं टाहो फोडला.

"मागच्या खेपेला तर चांगलं होतं हे," डॉक्टर म्हणाला.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, गोळी दिली होती म्हणून गप्प होतं, मरता मरता वाचलंय. बायकांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आता तरी हा उठेल, ओळीतल्या एकेका पोराचा डोळा उघडून बघेल.

त्यानं घड्याळ बघितलं.

"मग आज का नाही दिली?" म्हणाला, आणि दुसरा शेरा लिहिला.